गाळातून टोमॅटो उगवतोय? मग खत अजून झालेलं नाही

सांगली जिल्ह्यातल्या एका मैलापाणी केंद्रावर अकरा वर्षं मी गाळ वाळवायचे बेड सांभाळतोय. घरी दोन एकर ऊस आहे. ट्रॉली घेऊन आलेला शेतकरी विचारतो, "वाळलाय न्हवं? मग भरू का?" वाळला म्हणजे खत झालं, हा समज आधी डोक्यातून काढा.

टाकीतल्या गाळात 97-98 टक्के पाणीच असतं. बेडवर पचलेलाच, म्हणजे टाकीत जिवाणूंनी कुजवलेलाच गाळ सोडा. कच्चा घाण मारतो आणि निचरत नाही. खाली खडी, वर वाळू, त्यावर वीतभर थर. जाड सोडला की वर साय धरते आणि खाली ओला चिखल तसाच राहतो. उन्हाळ्यात 10 ते 15 दिवसांत भेगा वाळूपर्यंत जातात, खोऱ्याला खपली सुटी येते. तेव्हा उचला. निचऱ्याचं पाणी परत केंद्रात घ्या, ओढ्याला सोडू नका. मिरगाच्या आत बेड रिकामे हवेत.

आता त्या भेगा वाकून बघा. दोन-दोन पानांची पोपटी रोपं दिसतील, टोमॅटोची. माणसाच्या पोटातून, टाकीतून, उन्हातून ते बी जिवंत राहिलंय. बी राहतं तिथं जंताची अंडीही राहतात. एका वर्षी पाऊस लवकर आला, घाईनं उचललेला गाळ मी स्वतःच्या सरीत टाकला. आठ दिवसांत सरीभर टोमॅटो. त्या हंगामात घरातल्या कुणाला मी रानात अनवाणी उतरू दिलं नाही.

म्हणून ढीग लावायचाच. गाळ एक घमेलं, बगॅस (उसाचा रस काढल्यावर उरणारा चोथा) दोन ते तीन घमेली. आपल्याकडं कारखाने आहेत, बगॅस मिळते. गाळात नत्र जास्त, बगॅसमध्ये कर्ब. दोन्ही जुळले की ढीग तापतो. मिश्रण मुठीत दाबा: गोळा व्हावा, पाणी ठिबकू नये. ढीग चार-पाच फूट उंच ठेवा. लांब दांडीचा थर्मामीटर पोटात घाला. 55 अंश किंवा वर, असे 15 दिवस, आणि तेवढ्यात पाच वेळा पलटी. पलटी चुकवू नका, कारण कडेचा माल थंडच राहतो आणि अंडी तिथंच वाचतात. मग महिनाभर तरी मुरू द्या.

कळीच्या चुन्यानंही जंतू बरेच कमी होतात: सामू (pH, अल्कतेचं माप) 12 वर दोन तास, पुढं 22 तास 11.5 च्या वर. पण कृष्णाकाठच्या आपल्या क्षारपड रानात असला माल मी सुचवणार नाही.

शिसं, कॅडमियम मात्र कुठल्याच उष्णतेनं जात नाही. वर्कशॉपचं पाणी गटारात येत असेल तर तपासणीशिवाय एक घमेलंही देऊ नका. खत नियंत्रण आदेश 1985 मध्ये शहरी कंपोस्टला किलोमागे कॅडमियम 5 मिलिग्रॅम, शिसं 100, पारा 0.15 अशी मर्यादा आहे. रोगजंतूंचाही अहवाल घ्या.

खत लागणीआधी सरीत टाकून मातीआड करा, हातमोजे-बूट घालून. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर यांना नको. पालाश यात कमीच असतं, ते वेगळं द्या.

आणि ट्रॉली भरण्याआधी पत्र्याच्या डब्यात थोडं खत घ्या, रोज पाणी शिंपडा, दहा दिवस बघा. एक जरी टोमॅटो वर आला, तर ढीग पुन्हा लावा.