शांघायच्या ग्रंथालयात येताय? पहिल्या आठवड्यातच काम मागा

ग्रंथपालांच्या देवाणघेवाणीतून इथे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच भेटीत सांगते, काम मागून घ्या. इथली माणसं पाहुणचारात कुठेच कमी पडत नाहीत. सुरुवातीचे दिवस इमारत बघण्यात, जेवणावळींत आणि फोटोंत जातात, आणि तुम्ही गप्प राहिलात तर सगळी मुदत तशीच निघून जाते. त्यांना वाटतं, पाहुण्याला राबवायचं कसं? म्हणून तोंड तुम्हीच उघडायला हवं.

आधी कागदपत्रं. व्हिसा कुठला, हे यजमान संस्थेच्या पत्रावर ठरतं. भेट आणि अभ्यासदौऱ्यासाठी एफ, नोकरीसाठी झेड. झेडवर आलात तर तीस दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो. त्या काळात पासपोर्ट परवान्याच्या कार्यालयात जमा राहतो आणि तुमच्या हाती फक्त पावती असते, त्यामुळे बँकेची कामं त्याआधी उरका. हॉटेलऐवजी घरात किंवा वसतिगृहात उतरलात, तर चोवीस तासांत हद्दीच्या पोलीस ठाण्यात नोंद झाली पाहिजे. ती झाली का, हे घरमालकाला स्वतः विचारा.

आपल्या नावांचा घोळ इथे हमखास होतो. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव या क्रमाची इथे सवय नाही. चिनी नावात आडनाव आधी येतं. खिडकीपलीकडचा कारकून तुमचा पहिला शब्द आडनाव म्हणून लिहून मोकळा होतो. मग बँकेत एक नाव, सिमकार्डावर दुसरं, आणि पैसे देण्याचं अ‍ॅप दोन्ही नाकारतं. पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, त्याच क्रमाने, सगळीकडे लिहून घ्या आणि सही करण्याआधी अक्षर न् अक्षर तपासा.

जीमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप इथल्या नेटवर चालत नाही. उलट इथे ज्यावाचून पान हलत नाही ते वीचॅट हे संदेशांचं अ‍ॅप भारतात २०२० पासून बंद आहे. घरच्यांशी बोलायची सोय निघण्याआधीच करा. भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवलं तर त्यावर व्हॉट्सअ‍ॅप चालतं, पहिल्या आठवड्यांपुरता तोच सोपा मार्ग. यजमानांना ईमेलचा दुसरा पत्ता देऊन ठेवा.

आता मूळ मुद्दा. शांघाय ग्रंथालयाची जुनी मुख्य इमारत ह्वायहाय रस्त्यावर आहे, ती १९९६ साली उघडली. मेट्रोच्या दहा नंबरच्या मार्गावर ग्रंथालयाच्याच नावाचं स्थानक आहे. पूर्वेकडची नवी प्रचंड इमारत २०२२ मधली, सेंच्युरी पार्कजवळ. पाहुण्यांना नवी दाखवतात आणि ती बघण्यासारखी आहेच, पण शिकायचं असेल तर तालिकीकरणाच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याच्या, टेबलावर बसायला मागा.

तिथे आपलं ड्यूई, म्हणजे पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावायची पद्धत, बाजूला ठेवावं लागतं. चिनी वर्गीकरणात बावीस मुख्य वर्ग आहेत आणि ते रोमन अक्षरांनी ओळखले जातात. ए म्हणजे मार्क्सवाद-लेनिनवाद आणि माओ, बी तत्त्वज्ञान, आय साहित्य, के इतिहास आणि भूगोल. देशांना ठरलेले आकडे आहेत, भारताचा ३५१. म्हणून भारतीय साहित्य आय ३५१ वर आणि भारताचा इतिहास के ३५१ वर. ड्यूईच्या ८९१.४६ वर मराठी साहित्य शोधायची ज्याच्या हाताला सवय, त्याने पहिल्या दिवशी या दोन कप्प्यांसमोर उभं राहावं. मांडणी तिथे पटकन डोक्यात शिरते.

नोंदीचा साचाही वेगळा आहे. मार्क म्हणजे संगणकावर पुस्तकाची नोंद करण्याचा साचा, त्यात प्रत्येक रकान्याला आकडा असतो. चिनी मार्क हा युनिमार्क या आंतरराष्ट्रीय साच्यावर बेतलेला आहे. पुस्तकाचं नाव आपण २४५ मध्ये भरतो, इथे ते २०० मध्ये जातं; प्रकाशनाचा तपशील २१० मध्ये, वर्गांक ६९० मध्ये. कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीवर काम केलेल्यांची बोटं सुरुवातीला चुकीच्या रकान्याकडे जातात. एका कागदावर दोन्हींचा तक्ता करून पडद्याशेजारी चिकटवा. चिनी लिपी येत नसली, तरी इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी तपासण्याचं काम तुम्हाला नक्की करता येईल. तेच मागा.

एक विभाग मात्र चुकवू नका, वंशावळींचा. चिनी घराण्यांच्या वंशावळींचा जगातला सर्वांत मोठा संग्रह शांघाय ग्रंथालयात आहे. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपण खापरपणजोबांचं नाव शोधतो, तशी माणसं इथे आपलं गाव आणि आडनाव घेऊन येतात. त्यांच्याशी ग्रंथपाल कसं बोलतो, आधी काय विचारतो, हे शेजारी बसून बघा. संदर्भसेवा याहून चांगली कुठे शिकायला मिळेल, मला माहीत नाही.

सहकाऱ्यांना आडनावानंतर 'लाओशी', म्हणजे गुरुजी, लावून हाक मारा, वांग लाओशी, ली लाओशी. थेट नावाने नको. जेवण लवकर होतं, साडेअकराला कँटीन भरतं आणि नंतर बरेच जण टेबलाशीच डुलकी काढतात. त्या वेळेत फोनवर मोठ्याने बोलू नका. शाकाहारींनी 'वो छ्र सू', म्हणजे मी शाकाहारी जेवतो, एवढं म्हणायला शिकावं, आणि भाजीत मांसाचा खिमा नाही ना, हे तरीही विचारावं.

तुमच्याकडून एक व्याख्यान मागितलं जाईलच. आपल्या संगणकीकरणाच्या चित्रफिती दाखवू नका, त्यात ते आपल्या कितीतरी पुढे आहेत. सांगा महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याबद्दल, ग्रंथालयांच्या अ-ब-क-ड वर्गांबद्दल, आणि गावकऱ्यांनी मंडळ स्थापून अनुदानावर चालवलेल्या वाचनालयांबद्दल. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये लोकांनी उभं केलं आणि ते आजही चालू आहे, हे ऐकून इथले लोक खुर्चीत पुढे सरकतात. इथे सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे सरकारचं काम. ते विचारतील, अनुदान उशिरा आलं तर ग्रंथपालाचा पगार कोण देतं? उत्तर गुळमुळीत देऊ नका. आपल्याकडे खेड्यातला ग्रंथपाल किती तुटपुंज्या पैशांवर दार उघडतो, ते जसंच्या तसं सांगा, जमल्यास अशाच एखाद्या वाचनालयाचं जमाखर्चाचं पान सोबत आणा.