हायड्राच्या डोंगरावरचा प्रोफितीस इलियास मठ: या चुका टाळा

ग्रीसला येणाऱ्या आपल्या मंडळींना हायड्रा बेट हल्ली चांगलंच माहीत झालंय. गाड्यांना बंदी, सामान खेचरांवर, बंदर फोटोत झकास. त्या बंदराच्या मागे डोंगरावर साधारण ५०० मीटर उंचीवर प्रोफितीस इलियासचा मठ आहे, १८१३ सालचा. मी नोकरीसाठी पिरेयसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, राहते, त्यामुळे नातेवाईक, त्यांचे मित्र, त्या मित्रांचे शेजारी असे सगळे फोन करून विचारतात आणि सगळे फिरून फिरून त्याच चुका करतात. वाट सोपी आहे, याबद्दल वाद नाही. रॉक पॅच नाही, रोप नाही, नीट चाललं तर रस्ता चुकत नाही. पण सोपी म्हटलं की लोक तिला दिवसातला उरलासुरला वेळ देतात आणि मग सगळं तिथून बिघडत जातं.

तीन बेटांच्या क्रूझमध्ये मठ 'बसवणं'

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. अथेन्सहून एका दिवसात हायड्रा, पोरोस आणि एजिना दाखवणाऱ्या क्रूझ असतात. छान असतात, आईवडलांना घेऊन जरूर जा. पण त्यात हायड्राला मिळतात जेमतेम दीड-दोन तास आणि बंदरापासून मठापर्यंत नुसतं चढायलाच आरामात सव्वा ते दीड तास लागतो. हे गणित दुसरीतल्या मुलालाही जमेल, तरी दर उन्हाळ्यात कोणीतरी म्हणतंच, "आम्ही फास्ट चालतो गं."

पुण्याचे एक ओळखीचे काका-काकू आणि त्यांचा मुलगा असेच आले होते, ऑगस्टमध्ये. मी आदल्या दिवशी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की क्रूझमधून मठ होणार नाही, बंदरात फिरा, आइस्क्रीम खा, परत बोटीत बसा. मुलगा म्हणाला, आम्ही कळसूबाई केलंय, हे ५०० मीटर काय घेऊन बसलीस. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना काकांचा फोन. धापा टाकत होते. "अगं, वरून एक पांढरी बोट निघालेली दिसतेय, भोंगा पण वाजला, ती आमची तर नाही ना?" त्यांचीच होती. काकू अर्ध्या वाटेत एका पाइनखाली बसलेल्या, मुलगा पुढे निघून गेलेला, आणि काकांच्या शुगरच्या गोळ्या बोटीवर राहिलेल्या पिशवीत! मी आधी काकांना सांगितलं की चढणं थांबवा, काकूंना घ्या आणि सावकाश खाली उतरा, मुलाला फोन करून परत बोलवा. खाली गेल्यावर आधी काहीतरी खा, मग धक्क्यावरच्या तिकीट ऑफिसात पिरेयसच्या पुढच्या बोटीचं विचारा. ऑगस्टमुळे दुपारच्या बोटी फुल होत्या, संध्याकाळच्या शेवटच्या बोटीत तीन सीट मिळाल्या. पिरेयसला ई-८ गेटवर मी गोळ्या घेऊन उभी होते. काका ठीक होते, पण नसते तर? आणि एवढं करून मठ कोणीच पाहिला नाही.

माझी पद्धत ठरलेली आहे. पिरेयसहून सकाळची पहिली फास्ट बोट, परतीचं तिकीट आधीच काढलेलं आणि तेही दुपारनंतरचं. तो दिवस फक्त हायड्राचा. पोरोस-एजिना दुसऱ्या दिवशी.

दुपारी बारा वाजता चढायला सुरुवात

बोटीतून उतरायचं, कॉफी, फोटो, दुकानं, जेवण, आणि मग "चला आता मठ करून येऊ". अहो, सावली कुठाय? चढ साधारण सिंहगडाला आतकरवाडीतून जातो तेवढाच धरा, पण तिथे जागोजागी लिंबू सरबत आणि ताक मिळतं, इथे शेवटची घरं मागे पडली की काहीच मिळत नाही. पाइनची झाडं आहेत, पण सलग सावली नाही आणि सिमेंट-दगडाची वाट खालून तापते ती वेगळीच. आपल्याला उन्हाची सवय आहे हा युक्तिवाद मला ऐकवू नका. आपण सह्याद्रीत भटकतो ते बहुतेक पावसाळ्यात आणि थंडीत, मे महिन्याच्या दुपारी बारा वाजता गड कोण चढतं?

जून २०२४ मध्ये सीमी बेटावर ब्रिटिश टीव्हीवरचे डॉक्टर मायकल मोझली भर दुपारच्या उन्हात एकटे चालायला निघाले आणि त्यातच गेले. माणूस डॉक्टर होता, आरोग्यावरच कार्यक्रम करायचा. त्याच महिन्यात उन्हामुळे अथेन्सच्या टेकडीवरचं प्राचीन ॲक्रोपोलिससुद्धा दुपारचं बंद ठेवलं होतं. हे घाबरवायला सांगत नाहीये, पण जुलै-ऑगस्टमध्ये माणशी दीड-दोन लिटर पाणी बंदरातच घ्या आणि अकराच्या आत वर पोचा. कोणाला गरगरायला लागलं, बोलणं तुटक यायला लागलं, किंवा घाम यायचाच बंद झाला तर सावलीत बसवा, मानेवर-काखेत पाणी ओता आणि ११२ लावा. थोडं बसून बघू, मग चढू, असलं काही करू नका.

शिवाय दुपारी मठाचं दार बंद असतं. ग्रीसमध्ये बहुतेक मठांत दुपार विश्रांतीची असते. लोक घामाघूम होऊन वर जातात, दार वाजवतात, कोणी उघडत नाही म्हणून चिडतात. तिथे माणसं राहतात हो, प्रार्थना करतात, ते म्युझियम नाहीये. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरमध्ये आलात तर या अर्ध्या कटकटी आपोआप जातात.

मॅपवर बघून शॉर्टकट

बंदरातून मियाउली नावाचा रस्ता धरायचा, काला पिगाडियाच्या जुन्या विहिरींवरून पुढे वर, आणि घरं संपली की रुंद वाट वळणं घेत जाते. शेवटी पायऱ्या. बस! पण वळणं दिसली की उत्साही मंडळींना सरळ रेषेत चढायचं असतं. तिथे सुटे दगड आणि काटेरी झुडपं आहेत, शॉर्ट्सवर गेलात तर नडग्या सोलून निघतात. मुख्य म्हणजे वाचत काहीच नाही, दहा मिनिटं वाचवायला जाऊन पाय मुरगळून घेतलेले मी पाहिलेत. आणि बेटावर टॅक्सी नाही, पाय मुरगळला तर खेचर मिळेपर्यंत बसून राहा. वाट चुकलात असं वाटलं तर उतरून शेवटच्या घरापर्यंत मागे या आणि "प्रोफितीस इलियास?" एवढंच विचारा, लोक हात करून दाखवतात.

आता बाकीच्या चुका भराभर.

बंदरावर घड्याळाचा मनोरा असलेला मठ आहे, तो बघून "मठ झाला" म्हणू नका. तो वेगळा, तोही बघा, पण डोंगरावरचा हा नाही.

कपडे: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. ओढणी किंवा स्टोल बॅगेत टाका, चढताना डोक्यावर पण कामाला येतो.

चपला नकोत. गावातले दगड इतके गुळगुळीत झालेत की उतरताना पाय सटकतो.

खेचरांची रांग आली तर भिंतीच्या बाजूला उभं राहा, उताराच्या कडेला नाही. सेल्फीसाठी वाट अडवू नका.

सिगरेट वाटेत अजिबात नको. जून २०२४ मध्ये याच बेटावर एका यॉटवरून उडवलेल्या फटाक्यांमुळे पाइनचं जंगल पेटल्याची बातमी होती, आणि तिथवर रस्ताच नसल्याने आग विझवणं अवघड गेलं.

वर पोचल्यावर पाच मिनिटांत मागे फिरणं, ही माझ्या मते खरंच मोठी चूक. एवढं चढून आलात तर बसा थोडं. १८२५ साली ग्रीक स्वातंत्र्ययुद्धातला सेनापती कोलोकोत्रोनिस याला त्याच्याच लोकांच्या सरकारने या मठात कैदेत ठेवलं होतं, आणि तुर्कांच्या बाजूने लढणाऱ्या इजिप्तच्या इब्राहिम पाशाची फौज दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनीसमध्ये घुसल्यावर त्यालाच सोडून लढायला पाठवावं लागलं. अथेन्सला जुन्या संसदेसमोर घोड्यावरचा पुतळा आहे ना, तोच हा. समोरच्या किनाऱ्याचे डोंगर बघत त्याने इथे दिवस काढले. खाली जवळच आगिया एफप्राक्सियाचा बायकांचा मठ आहे, तिथेही शांतपणे डोकावता येतं. २० जुलैला प्रोफितीस इलियासचा सण असतो, तेव्हा गर्दी धरून चला.

आणि शेवटचं, वारा. वारा वाढला की फास्ट बोटी रद्द होतात, त्यामुळे परतीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळचं मुंबईचं विमान ठेवून हायड्राला जाऊ नका. अडकलातच तर बोटीच्या ऑफिसात तिकीट बदलून घ्या, आणि समोरच्या मेतोखीच्या धक्क्यावर जाणाऱ्या छोट्या बोटी सुरू आहेत का ते विचारा. ते अंतर कमी आहे, पुढे रस्त्याने टॅक्सी करून अथेन्स गाठता येतं. महाग पडतं, पण विमान चुकण्यापेक्षा स्वस्त.