चार्जर घ्यायच्या आधी आणि सेल लावायच्या आधी एवढं बघून घ्या

चार्जर शोधायला बसायच्या आधी घरातले सगळे सेल एकदा टेबलावर काढा. रिमोटमधले, टॉर्चमधले, खेळण्यातले, ड्रॉवरच्या तळाशी लोळत पडलेले, सगळे. आणि प्रत्येकावरचं बारीक अक्षर वाचा, दिसत नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून वाचा पण वाचाच. ज्याच्यावर रिचार्जेबल, एनआयएमएच आणि १.२ व्होल्ट असं लिहिलंय ते निकेल मेटल हायड्राइडचे सेल, ते एकीकडे ठेवा. अल्कलाईन १.५ व्होल्टवाले दुसरीकडे, आणि ते चार्जरच्या आसपास पण ठेवू नका, कारण दिसायला सेम असतात आणि घाईत हात चुकतो. अल्कलाईन चार्ज करायला गेलं की आत गॅस होतो, सेल गळतो किंवा फुटतो, आणि आतून जे बाहेर येतं ते कातडीला आणि डोळ्यांना भाजणारं असतं. डबल ए साईझमध्ये १.५ व्होल्टचे लिथियमचे एकदाच वापरायचे सेल पण येतात, ते पण याच ढिगात टाका.

आता एक खास बघायची गोष्ट. डबल ए च्याच साईझचा एक लिथियम आयन सेल मिळतो, १४५०० नावाचा, म्हणजे १४ मिलिमीटर जाड आणि ५० मिलिमीटर लांब, आणि तो असतो ३.७ व्होल्टचा. तो चुकून साध्या रिमोटमध्ये किंवा घड्याळात गेला तर ते यंत्र जळू शकतं, आणि एनआयएमएच च्या चार्जरमध्ये गेला तर त्याहून वाईट. शिवाय हल्ली १.५ व्होल्टचे रिचार्जेबल लिथियम सेल आलेत, त्यांच्या पोटात व्होल्टेज कमी करणारं छोटं सर्किट असतं, काहींना बाजूला यूएसबीचं भोक पण असतं. ते त्यांच्या स्वतःच्या चार्जरनेच किंवा त्या भोकातूनच चार्ज करायचे, दुसरीकडे नाही.

हे वर्गीकरण मी एवढं लावून धरते त्याला कारण आहे. करंट सोडायला कुठलाही चार्जर सोडतो, पण सेल भरला हे ओळखून थांबणं, खरं काम ते, आणि प्रत्येक जातीचा सेल "भरलो" हे वेगळ्या पद्धतीने सांगतो. एनआयएमएच चा व्होल्टेज चार्ज होताना चढत चढत साधारण १.४५ ते १.५ पर्यंत जातो आणि पूर्ण भरल्यावर काही मिलिव्होल्टने खाली येतो, चांगला चार्जर ती एवढीशी घसरण पकडतो आणि बंद होतो. लिथियम आयन मध्ये अशी घसरण येतच नाही, तिथे ४.२ व्होल्टला पोचल्यावर व्होल्टेज तिथेच धरून ठेवायचा असतो आणि करंट कमी कमी होत गेला की थांबायचं असतं. म्हणजे एनआयएमएच चा चार्जर लिथियम सेलला लावला तर तो न येणाऱ्या घसरणीची वाट बघत ढकलतच राहणार. आग लागते ती अशी.

म्हणून चार्जर निवडताना पहिला प्रश्न हाच, हा थांबतो कशावर? व्होल्टेजच्या घसरणीवर थांबतो, सेल तापला तर थांबतो आणि वर सेफ्टी टायमर पण आहे, असं तिन्ही लिहिलेलं असेल तर उत्तम. फक्त टायमरवाला असेल तर तो सेल अर्धा भरलेला होता का पूर्ण रिकामा हे बघतच नाही, आपले ठरलेले तास पूर्ण करतो. आणि काहींना टायमर पण नसतो. माझ्याकडे सेलच्या पाकिटाबरोबर फुकट आलेला तसलाच एक होता, रात्री टॉर्चचे चार सेल लावले, दिवा तेवढा लाल, सकाळपर्यंत लालच. काढायला गेले तर सेल बोटात धरवेना, एकावरचं प्लास्टिकचं वेष्टन टोकाला आक्रसून गोळा झालेलं आणि खालचा पत्रा उघडा पडलेला. ते सेल नवीन होते. त्यानंतर टॉर्च दहा मिनिटं पण चालत नव्हता. तो चार्जर मी त्याच दिवशी काढून टाकला.

दुसरी बघायची गोष्ट, प्रत्येक स्लॉट स्वतंत्र आहे का. एकच सेल लावून चार्ज होतो का, आणि प्रत्येकाचा वेगळा दिवा किंवा वेगळा आकडा आहे का. जोडीनेच लावा म्हणणाऱ्या चार्जरमध्ये दोन सेल मिळून एकच हिशोब असतो, त्यातला एक आधी भरतो आणि दुसऱ्यापायी उगाच शिजत बसतो.

तिसरी गोष्ट करंट, आणि इथे बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. हळू चार्ज केलं की सेल जास्त टिकतो हे अर्धंच खरं आहे. साध्या चार्जरची जुनी पद्धत म्हणजे कपॅसिटीच्या (सेलमध्ये किती चार्ज मावतो तो एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर तास, मधला आकडा) दहाव्या हिश्शाने १४ ते १६ तास, २००० एमएएच चा सेल २०० एमए, म्हणजे मिलिअँपिअर, ने, वेळेवर काढला तर ठीक. पण घसरण पकडणाऱ्या स्मार्ट चार्जरला फार कमी करंट ठेवला तर घसरण इतकी पुसट होते की त्याला कळतच नाही आणि तो पुढे चालू राहतो. म्हणून २००० च्या डबल ए ला ५०० ते १००० एमए च्या दरम्यान आणि ८०० च्या ट्रिपल ए ला साधारण ४०० च्या आसपास, हे मला योग्य वाटतं. वेळेचा हिशोब पण सोपा आहे, भरताना थोडं वाया जातं म्हणून कपॅसिटीच्या वर २० टक्के तरी धरा, २४०० भागिले ५००, म्हणजे पावणेपाच पाच तास. पंधरा मिनिटात चार्ज म्हणणारे अतिफास्ट चार्जर असतात पण तेवढी उष्णता सेलचं आयुष्य खाते, अगदी अडलं असेल तरच. डिस्प्ले असला तर छान, नसला तरी चालतं. रिफ्रेश किंवा डिस्चार्जचं बटण मात्र उपयोगी पडतं, खूप दिवस पडून असलेले सेल दोन तीनदा भरून रिकामे केले की बऱ्यापैकी जागे होतात.

यूएसबीवर चालणारा चार्जर असेल तर अडॅप्टर पण तपासा. चार सेल, प्रत्येकी ५०० एमए, म्हणजे नुसते सेलच ३ वॅटच्या आसपास ओढतात, आणि लॅपटॉपच्या जुन्या पोर्टमधून निघतात ५ व्होल्ट अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. मग चार्जर रडत रडत चालतो किंवा मध्येच बंद चालू होतो. चार्जरवर ५ व्होल्ट २ अँपिअर लिहिलं असेल तर तेवढाच द्या.

आता जागा. गादी नको, सोफा नको, पडद्याखाली नको, खिडकीतल्या उन्हात तर नकोच. फरशी किंवा टाईल सगळ्यात चांगली, चारी बाजूंनी हवा खेळली पाहिजे. सेल उन्हात तापलेल्या गाडीतून आणलेत किंवा थंडीत बाहेर होते तर आधी तासभर खोलीत राहू द्या, ० च्या खाली आणि ४५ अंशांच्या वर चार्ज करायचंच नाही, १० ते ३० अंश सगळ्यात बरं. दोन्ही टोकं कोरड्या फडक्याने पुसा, वेष्टन फाटलंय का बघा, प्लस मायनस बघून लावा. आणि पहिला अर्धा तास तिथेच आसपास रहा, बोट लावून बघा. शेवटी शेवटी कोमट लागणं नॉर्मल आहे, पण हातात धरवत नसेल तर लगेच प्लग काढा. झोपताना लावून सोडू नका, घराबाहेर जाताना पण नाही.

लिथियम आयन, म्हणजे १८६५० (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) वगैरे वापरत असाल तर वेष्टन जरा जास्तच काळजीने बघा. त्या सेलचं सगळं अंग मायनस असतं आणि वरच्या काठापाशी प्लस अगदी जवळ असतो, तिथे वेष्टनाला चीर गेली की शॉर्ट व्हायला काही लागत नाही. फुगलेला, चेपलेला किंवा गोडसर वास येणारा सेल चार्ज करायचा नाही. अडीच व्होल्टच्या खाली जाऊन बरेच दिवस पडलेला असेल तर त्याला जिवंत करायच्या नादी लागू नका, व्हिडिओत कितीही सोपं दाखवलेलं असू दे. ठेवायचे असतील तर अर्धे भरलेले, थंड कोरड्या जागी.

चार्ज झाल्यावर एक मार्कर घ्या आणि जोड्या करा. एकाच दिवशी घेतलेले, एकाच कपॅसिटीचे सेल, अ अ, ब ब असं लिहा आणि खाली महिना. नवा जुना मिसळला की कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याच्यातून उलटा करंट ढकलतात, तो तिथेच खराब होतो. म्हणूनच टॉर्च मंद झाला की काढून घ्या, पार विझेपर्यंत वापरू नका. "मेमरी होते म्हणून पूर्ण संपवा" हा सल्ला जुन्या निकेल कॅडमियमच्या काळातला आहे.

घेताना कमी सेल्फ डिस्चार्जवालेच, म्हणजे नुसतं पडून राहून लवकर रिकामे न होणारेच घ्या. २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणले तेव्हापासून हे मिळायला लागले, साधे एनआयएमएच न वापरता महिनाभरात पाचवा हिस्सा किंवा जास्तच गमावतात, हे वर्षभर पडले तरी बराचसा चार्ज धरून असतात. स्मोक अलार्ममध्ये मात्र त्याच्या माहितीपत्रकात जो सेल सांगितलाय तोच टाका, तिथे प्रयोग नको.

प्रवासात प्लास्टिकच्या डबीत ठेवा, खिशात किंवा पर्समध्ये चिल्लर आणि किल्ल्यांबरोबर सुटे ठेवू नका. विमानात लिथियमचे सुटे सेल केबिन बॅगेत, चेक इन मध्ये नाही. आणि जे सेल खरंच संपलेत, धरत नाहीत, गळतात, त्यांच्यावर मार्करने मोठी फुली मारा, लिथियम असेल तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, आणि ई-कचऱ्यात द्यायची पिशवी वेगळी करून त्यात टाका, म्हणजे घरातलं दुसरं कुणी ते परत चार्जरला लावणार नाही.