इंदूरात बसून कास्टिंग करताना या चुका टाळा

मुंबईहून ब्रीफ, म्हणजे हव्या असलेल्या पात्राचं वर्णन, आलं होतं: पन्नाशीचा दूधवाला, अंगानं भरलेला, मालवी बोलणारा, दोन सीन. वाचतानाच आमच्या नाटकमंडळातले एक काका डोळ्यांसमोर आले. मिशा, पोट, आवाज, सगळं जुळत होतं. टेस्ट, म्हणजे ऑडिशनचा व्हिडिओ, गेली, दिग्दर्शकाला आवडली, काका लॉक, म्हणजे पक्के. शूटच्या सकाळी कळलं की दूधवाल्याची एंट्रीच मोटारसायकलवर आहे, दोन्ही बाजूंना कॅन लटकवून अरुंद गल्लीत वळायचंय. काका आयुष्यभर काकूंच्या स्कूटीवर मागे बसलेले. "अरे, विचारलं असतंस तर सांगितलं नसतं का?" म्हणाले. डुप्लिकेट उभा करून शॉट उरकला, पण शूटचा खर्च आणि व्यवस्था बघणाऱ्या लाइन प्रोड्यूसरनं दिवसभर माझ्याकडे पाहिलं नाही.

वहीत मी वय, उंची, भाषा सगळं लिहिलं होतं. 'गाडी येते का' हा रकानाच नव्हता. ब्रीफमध्ये माणूस दिसतो कसा एवढंच असतं. तो करतो काय, ते सीनमध्ये. सीन मागा. गोपनीय आहे म्हणाले तर निदान क्रियापदं तरी मागा: चालवतो, पोहतो, मार खातो, बकरी धरतो. आणि कलाकाराला तेवढंच विचारा.

'एमपीची भाषा' असं ब्रीफमध्ये दिसलं की लगेच फोन लावा. अशी एक भाषा नाही. महेश्वरला निमाडी, चंदेरीकडे बुंदेली, इंदूर-उज्जैनच्या खेड्यांत मालवी, आणि इंदूर शहरातली, राजवाड्यावरची 'भिया'वाली हिंदी आणखी वेगळी. चंदेरीच्या विणकराच्या तोंडी सराफ्यातल्या जिलबीवाल्याचा हेल घातलात तर मुंबईला पत्ता लागणार नाही, पण चंदेरीवाले हसतील. मराठी मालिकांसाठी टेस्ट पाठवताना उलटी अडचण येते. आपल्या इंदुरी मराठी मंडळींना आपण 'काय करताय'ऐवजी 'काय करून राहिलात' म्हणतोय हे कळतही नाही, आणि पुण्याहून निरोप येतो, "काम छान, भाषा जरा..." मी आता दोन टेक पाठवते, एक त्यांच्या बोलीत आणि एक कागदावर आहे तसा, फाइलच्या नावातच ते लिहून. नायिकेची आई इंदूरची दाखवायची असेल तर पहिलाच टेक उपयोगी पडतो.

नाटकातल्या नटांना 'ओव्हर करतो' म्हणून बाद करणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. रवींद्र नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जावं म्हणून ज्यांनी तीस वर्षं घसा तापवला, त्यांना चार फुटांवरचा कॅमेरा दिसला तरी छाती आपोआप भरून येते. "कमी करा, कमी करा" म्हणून काही होत नाही. माणूस कमी करायच्या नादात मरगळतो. हाताला काम द्या. एका निवृत्त शिक्षिकाबाईंना मी ताटलीत लसूण दिला आणि सोलता सोलता बोला म्हटलं. पहिल्या दोन पाकळ्यांपर्यंत त्या भाषणच करत होत्या. तिसरीचं साल नखाला चिकटलं, त्या तिकडे बघायला लागल्या, आणि मुलाला घर सोडून जा म्हणणारं वाक्य इतकं हलकेच निघालं की क्यू देणारा, म्हणजे समोरच्या पात्राच्या ओळी वाचणारा, मुलगा आपली ओळ विसरला. तोच टेक गेला.

क्यू देणाऱ्याबद्दल एवढंच: घरातला मोकळा दिसलेला माणूस धरून बसवू नका. समोरून रेल्वेची घोषणा आल्यासारखी ओळ आली तर चांगला नटही आडवा होतो.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र कागद आधी. चौदा वर्षांखालचं मूल असेल तर २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि तीही जिथे काम होणार त्या जिल्ह्याची. मूल इंदूरचं आणि शूट महेश्वरचं, तर अर्ज खरगोनला. इथे बरेच जण फसतात. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांपुढे विश्रांतीशिवाय नाही, आणि कमाईतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. आईबाबांना हे टेस्टच्या दिवशीच सांगा, नंतर पैशांवरून वाद नकोत.

नावनोंदणीची फी घेऊ नका. आपला पैसा निर्मात्याकडून यायचा, कलाकाराच्या खिशातून नाही. हॉटेलच्या खोलीत टेस्ट ठेवू नका. तालमीची जागा तासाभरासाठी कोणीही देतं.

'लॉक' हा शब्द तारखा लेखी आल्याशिवाय उच्चारू नका. आपले कलाकार बँकेत, शाळेत, एलआयसीत असतात. तोंडी लॉकवर रजा टाकतात, शूट आठ दिवस पुढे जातं, रजा वाया. दुसऱ्यांदा ते तुमचा फोन उचलत नाहीत, आणि इंदूरच्या मराठी मंडळींत ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक होते. शॉर्टलिस्ट झालेल्यांना 'केस कापू नका' हेही लिहून पाठवा. लग्नसराईत लोक हमखास कापतात.

आणि अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी टेस्ट ठेवू नका. इंदूरच्या गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, निघाल्या की जेल रोडच्या पलीकडून माणूस येऊ शकत नाही. मी एकदा ठेवली होती. अकरापैकी एकजण आला, तोही चालत, आणि म्हणाला, "ताई, लवकर घ्या, झांकी बघायचीय."