एलएस३/५ए ला सबवूफर जोडताना: अर्धा क्रॉसओव्हर पेटीतच असतो

एलएस३/५ए हा बीबीसीनं १९७० च्या दशकात ओबी व्हॅनसारख्या (बाहेरून प्रसारण करणाऱ्या गाडीसारख्या) अडचणीच्या जागांसाठी तयार केलेला मॉनिटर स्पीकर. पेटी बंद आणि जेमतेम ५ लिटरची. आत केईएफ कंपनीचा बी११० वूफर (खालच्या-मधल्या स्वरांसाठी) आणि टी२७ ट्वीटर (वरच्या स्वरांसाठी), संवेदनशीलता ८२-८३ डेसिबल. माणसाचा गळा या पेटीतून जसा येतो तसा फार थोड्या स्पीकरमधून येतो. डग्ग्याची घीस मात्र अर्धीच ऐकू येते, आणि मग सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या स्वरांचा वेगळा स्पीकर, आणायचा विचार सुरू होतो.

बहुतेक ठिकाणी सबवूफर स्पीकरच्या तारांना समांतर जोडतात, मागची बटणं कानानं फिरवतात आणि महिनाभरात वैतागून बंद करून ठेवतात. यात दोष सबवूफरचा नसतो. बी११० ला अगदी खालपर्यंतचा सिग्नल जातच असतो. १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात या स्पीकरचा स्वतःचा थोडा उठाव आहे, त्यावर सबवूफरची शेपटी येऊन बसते आणि गायकाला सर्दी झाल्यासारखं वाटतं. शिवाय तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला चौपट हलावं लागतं. पाच इंची कोन असा हेलकावत असताना त्याच कोनमधून निघणारा मधला आवाज गढूळ होणारच. त्यामुळे आधी मुख्य स्पीकरमधून खालचे स्वर काढायचे. सबवूफरचं काम त्यानंतर.

आतल्या मूळ क्रॉसओव्हरला (वारंवारतेनुसार सिग्नल वाटून देणाऱ्या सर्किटला) हात लावू नका. एफएल६/२३ हे सर्किट फक्त ३ किलोहर्ट्झच्या आसपास सिग्नल विभागत नाही, बी११० च्या प्रतिसादातले चढउतारही सावरतं. ते काढून डीएसपीत (डिजिटल फिल्टरच्या यंत्रात) नुसता २४ डेसिबलचा फिल्टर टाकला, तर हाती दोन जुने ड्रायव्हर उरतात आणि जोडीची किंमतही जाते. इथला सक्रिय क्रॉसओव्हर फक्त सबवूफर आणि मुख्य स्पीकर यांच्यामधला आहे.

त्याची जागा प्रीअँप (व्हॉल्यूमचा भाग) आणि पॉवर अँप (स्पीकर चालवणारा भाग) यांच्या मध्ये. इंटिग्रेटेड अँपला मागे ‘प्री आउट’ आणि ‘मेन इन’ असतील, तर त्यांना जोडणाऱ्या पिना काढून मध्ये क्रॉसओव्हर घालता येतो. एनएडी ३०२० वर अशी सोय आहे. टेप लूपमध्ये (टेप रेकॉर्डरसाठीच्या जोडणीत) घालण्याचा मोह टाळा. टेप लूप व्हॉल्यूमच्या आधी असतो, त्यामुळे व्हॉल्यूम कमी केला की स्पीकर शांत होतात आणि सबवूफर मात्र मघाच्याच जोरात घुमत राहतो.

क्रॉसओव्हरसाठी मिनीडीएसपी २x४ एचडी पुरेसा आहे: दोन इनपुट, चार आउटपुट. सोबत यूएमआयके-१ मायक्रोफोन आणि आरईडब्ल्यू हे मोजणीचं फुकट सॉफ्टवेअर.

आधी पेटी मोजा

कुठलीही बंद पेटी एका विशिष्ट वारंवारतेखाली आपणहून १२ डेसिबल प्रति सप्तक उतरते. हा उतार म्हणजे तयार मिळालेला अर्धा फिल्टर. पेटीचा क्यू (त्या वारंवारतेवर ती किती घुमते याचं माप) ०.७ असेल, तर तिच्याच वारंवारतेवर १२ डेसिबलचा बटरवर्थ हायपास (खालचे स्वर अडवणारा फिल्टर) लावला की दोन्ही मिळून २४ डेसिबलचा शुद्ध लिंकविट्झ-रायली (जोडावर सपाट बसणारा फिल्टर) तयार होतो. यंत्रातून थेट २४ डेसिबलचा हायपास निवडला तर प्रत्यक्षात ३६ चा उतार पडतो, फेज जुळत नाही आणि जोडावर खड्डा पडतो. ही चूक सगळ्यात जास्त दिसते.

छोट्या पेटीचा क्यू सहसा ०.७ पेक्षा वरच असतो, म्हणून तो मोजायचा. साहित्य: २२० ओहमचा १ वॉटचा रेझिस्टर, मल्टिमीटर आणि मोबाइलवरचा टोन जनरेटर. मीटरनं आधी स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी रोध मोजून ठेवा. मग अँपची गरम तार रेझिस्टरमधून स्पीकरला द्या, अँपच्या टर्मिनलवर ५ व्होल्ट एसी येईल इतका व्हॉल्यूम लावा आणि टोन ४० पासून १५० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढवत स्पीकरवरचा व्होल्टेज वाचत जा. तो जिथे सर्वाधिक होईल ती पेटीची वारंवारता. कुठल्याही बिंदूवरचा इंपिडन्स (एसीला होणारा रोध) म्हणजे २२० गुणिले वाचलेला व्होल्टेज, भागिले (५ वजा तोच व्होल्टेज).

समजा डीसी रोध ९ ओहम आला आणि ७५ हर्ट्झवर मीटरनं १.३५ व्होल्ट दाखवले. म्हणजे शिखर ८१ ओहमचं, गुणोत्तर ९, त्याचं वर्गमूळ ३. आता शिखराच्या दोन्ही बाजूंना जिथे इंपिडन्स ३ गुणिले ९, म्हणजे २७ ओहम होतो (मीटरवर ०.५५ व्होल्ट), त्या दोन वारंवारता शोधा. त्या ६४.५ आणि ८७.२ निघाल्या तर फरक २२.७. शिखराच्या वारंवारतेला वर्गमुळानं गुणा, या फरकानं भागा आणि आलेल्या संख्येला गुणोत्तरानं भागा: ७५ × ३ ÷ २२.७ ÷ ९ = १.१. हा क्यू.

दोन्ही स्पीकर मोजा. दोघांच्या वारंवारतेत पाच-सात हर्ट्झचा फरक असेल तर एखादी पेटी हवा सोडत असेल किंवा कधीतरी ड्रायव्हर बदललेला असेल. फळीचे स्क्रू आणि सील आधी बघा. इतर जुन्या स्पीकरांत फोमचा सराउंड (कोनभोवतीची लवचीक कड) असेल, तर आपल्या दमट हवेत तो चिकट होऊन तुटलेला असू शकतो. बी११० चा सराउंड निओप्रिनचा, त्यामुळे ती धास्ती नाही.

फिल्टर

७५ हर्ट्झ आणि १.१ क्यूची पेटी लिंकविट्झ ट्रान्सफॉर्मनं (पेटीची वारंवारता आणि क्यू बदलणाऱ्या फिल्टरनं) ९० हर्ट्झ आणि ०.७०७ वर आणायची. या दिशेनं नेताना वूफरला कुठेही जास्तीचा जोर दिला जात नाही. ७५ हर्ट्झवर उलट साडेपाच डेसिबलच्या आसपास घट होते आणि तळाशी सुमारे ३ डेसिबलची. त्यावर ९० हर्ट्झचा १२ डेसिबल बटरवर्थ हायपास. सबवूफरच्या आउटपुटवर ९० हर्ट्झचा २४ डेसिबल लिंकविट्झ-रायली लोपास (वरचे स्वर अडवणारा फिल्टर).

ट्रान्सफॉर्मचे गुणांक मिनीडीएसपीच्याच बायक्वाड स्प्रेडशीटमधून काढता येतात, फक्त सॅम्पल रेट ९६ किलोहर्ट्झ भरा. ४८ चे गुणांक २x४ एचडीत घातले की सगळ्या वारंवारता दुप्पट होतात आणि स्पीकर रेडिओसारखा पातळ वाजू लागतो.

डीएसपी नकोच असेल तर पॉवर अँपच्या इनपुटला मालिकेत एक फिल्म कपॅसिटर. इनपुट इंपिडन्स २० किलोओहम असेल तर ०.१ मायक्रोफॅरडनं ८० हर्ट्झवर ६ डेसिबलचा हायपास मिळतो. ४७ किलोओहमला ०.०४७ चालेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे किरकोळीत मिळतात. जोड तितका नेमका बसत नाही, पण बी११० चा बराच भार हलका होतो.

जागा, वेळ, पातळी

९० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी ३.८ मीटर, तिचा पाव भाग म्हणजे साधारण ९५ सेंटिमीटर; सबवूफर स्पीकरपासून शक्यतो याच्या आत. एकच सबवूफर असेल तर तो दोन्ही स्पीकरच्या मधोमध ठेवा. दोन असतील तर प्रत्येक आपापल्या स्पीकरपासून हाताच्या अंतरावर. सबवूफरच्या मागचं लोपासचं बटण पूर्ण वर करा किंवा एलएफई इनपुट (ज्यावर हा लोपास लागत नाही) वापरा. ते ८० वर राहिलं तर एकावर एक दोन फिल्टर लागतात आणि कितीही डिले दिला तरी जोड जुळत नाही.

सबवूफर स्पीकरपेक्षा ६० सेंटिमीटर दूर असेल तर मुख्य स्पीकरना १.७५ मिलिसेकंद डिले द्या (१ मिलिसेकंद म्हणजे सुमारे ३४ सेंटिमीटर). सबवूफरच्या अँपमध्ये स्वतःचा डीएसपी असेल तर तोही काही मिलिसेकंद खातो, म्हणून हा आकडा फक्त सुरुवातीचा. नेमका आकडा असा काढा: ऐकायच्या जागी माइक ठेवा, आधी स्पीकर आणि सबवूफर वेगवेगळे वाजवून ९० हर्ट्झवर दोघांची पातळी सारखी करा, सबवूफरची पोलॅरिटी (अधिक-उणे) उलटी करा आणि स्वीप (खालून वर चढत जाणारा टोन) चालवा. ९० जवळ खड्डा दिसेल. डिले पाव-पाव मिलिसेकंदानं बदलत तो खड्डा सर्वांत खोल करा, मग पोलॅरिटी सरळ करा. खड्ड्याच्या जागी सपाट रेघ आली तर जमलं. खड्डा दोन-तीन डेसिबलच्या पुढे जात नसेल, तर पातळी किंवा उतार कुठेतरी चुकलाय.

खोलीचा हिशेब शेवटी. १२ फुटी भिंतींमध्ये पहिला घुमारा ४७ हर्ट्झच्या आसपास, १० फुटींमध्ये ५६ च्या. तिथली शिखरं सबवूफरच्या इक्वलायझरनं कापा. खड्डे भरू नका. तिथे ६ डेसिबल चढवले की अँपला चौपट पॉवर लागते आणि खड्डा होता तिथेच राहतो.

सगळं जोडल्यावर गुंगुं ऐकू आली तर तो ग्राउंड लूप, म्हणजे यंत्रांच्या अर्थिंगमधून तयार झालेलं वेटोळं. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तेवढ्यानं भागलं नाही तर सबवूफरच्या आरसीए तारेत लाइन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. चालू करताना पॉवर अँप शेवटी, बंद करताना आधी. डीएसपी चालू होतानाचा ठोका टी२७ पर्यंत जाता कामा नये.

हीच पद्धत कुठल्याही बंद पेटीला लागू पडते, मात्र एआर-३ए सारखा १२ इंची वूफरवाला स्पीकर ४० हर्ट्झच्या आसपास स्वतःच पोचतो, त्याला सबवूफर जोडण्यात फारसा अर्थ नाही. पोर्टवाली (हवेसाठी भोक ठेवलेली) पेटी पोर्टच्या वारंवारतेखाली २४ डेसिबलनं कोसळते आणि तिथे कोनला धरणारी हवाही उरत नाही. तिच्या पोर्टमध्ये फोमचा बोळा घट्ट बसवा, ती जवळजवळ बंद पेटीसारखी वागू लागेल. मग रेझिस्टर आणि मीटर घेऊन पुन्हा पहिल्यापासून मोजा.