पिकअपला दम नाही? चिप बसवायच्या आधी हे चेक करा

मागच्या उन्हाळ्यात संगमनेरहून पिकअपमध्ये कांदा भरून पुण्याला निघालो होतो, चंदनापुरीच्या घाटात गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आली, एक्सलेटर पार तळाला टेकलेला तरी गाडी ओढायला तयार नाही आणि मागं नुसता काळा धूर. एका गॅरेजवाल्याने बघताक्षणी सांगितलं इंजेक्टर गेले, पंप पण काढावा लागेल, ४० हजार धरून चला. शेवटी काय निघालं तर टर्बोकडून (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा) इंटरकूलरला (ती हवा थंड करणारी जाळी) जाणारा रबरी होज, क्लॅम्पच्या अगदी खाली बोटभर चिरलेला. वरून काहीच दिसत नव्हतं, फक्त तिथं तेलाची ओल होती आणि त्यावर धूळ चिकटून काळा थर बसला होता. होज बदलला आणि त्याच लोडवर तोच घाट गाडी तिसऱ्या गिअरवर चढली. म्हणून सांगतो भावांनो, चिप बसवून किंवा रिमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, जास्तीची पॉवर विकत घ्यायच्या आधी कंपनीने दिलेली पॉवर कुठं गळतेय ते शोधा.

डिझेल इंजिनचं गणित असं आहे की पॉवर डिझेलची असते पण ते जाळायला हवा लागते, आणि ती दाबून आत घालायचं काम टर्बोचं. वाटेत हवा गळली की डिझेल अर्धवट जळतं, तोच काळा धूर. पांढरा धूर असेल तर न जळलेलं डिझेल किंवा कूलंट, निळा असेल तर ऑइल जळतंय, त्यांचा तपास वेगळा.

होज चेक करायला साबणाचं पाणी पुरतं. इंजिन चालू ठेवून दुसऱ्याला रेस द्यायला सांगा, आपण सगळ्या जॉइंटवर फवारा मारा, पंक्चरवाला ट्यूब बघतो तसे बुडबुडे आले की जागा सापडली. कधीकधी नुसत्या रेसवर दाब पुरेसा बनत नाही, चीर फक्त लोडवर उघडते, म्हणून होज हाताने वाकवून वळवून बघा, पण इंजिन बंद आणि थंड असताना. टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या अॅक्च्युएटरला व्हॅक्युमवर चालणारी बारीक नळी असेल तर ती पण बघा, इंजिनच्या गरमीने ती कडक होऊन तडकते, आणि पाच मिनिटांच्या कामासाठी लोक अख्खा टर्बो बदलून बसतात.

मग एअर फिल्टर. आपल्याकडे शेतरस्त्याची धूळ इतकी की पुस्तकातल्या किलोमीटरची वाट बघू नका. काढून टॉर्च आतून धरा, उजेड बाहेर येत नसेल तर बदला. कॉम्प्रेसरची हवा मारून साफ करायची सवय असेल तर कमी प्रेशरने आणि आतून बाहेर मारा, जोरात मारली की कागदाला बारीक भोकं पडतात, मग धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर आणि तिथून लायनर-पिस्टनमध्ये. मी तर फुंकायचं सोडूनच दिलं, नवीनच टाकतो.

डिझेल फिल्टरच्या खाली पाणी सोडायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात आणि कॅनमध्ये साठवलेलं डिझेल वापरत असाल तर तो ढिला करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या, खाली पाण्याचा थर बसला तर स्वच्छ येईपर्यंत सोडा, मग हातपंपाने हवा काढून स्टार्ट मारा. एक गोष्ट मात्र जिवाची आहे, कॉमन रेल गाडीत (सगळ्या इंजेक्टरना एकाच पाइपातून डिझेल पुरवणारी) रेलचा, म्हणजे त्या पाइपाचा दाब १००० बारच्या वर जातो, त्यामुळं चालू इंजिनवर इंजेक्टरचे पाइप ढिले करायचे नाहीत आणि लीक शोधायला हात फिरवायचा नाही, ती धार कातडी फाडून आत शिरते.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र लावा, हजार-दीड हजारात ब्लूटूथवाला मिळतो. चावी ऑन पण इंजिन बंद असताना मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) संगमनेर-पुणे पट्ट्यात ९५ किलोपास्कलच्या आसपास दिसतं, म्हणजे बाहेरच्या हवेइतकंच. लोडवर पूर्ण एक्सलेटर दिल्यावर ते १५० च्या आतच घुटमळत असेल तर हवा गळतेय किंवा टर्बो काम करत नाही. प्रेशर बरोबर आहे पण रेल प्रेशर मागितलं तेवढं येत नाही, मग डिझेलच्या लाइनकडे वळा, आणि इंजेक्टर काढायच्या आधी मिस्त्रीला रिटर्न टेस्ट करायला सांगा, कुठला इंजेक्टर जास्त डिझेल परत पाठवतो ते बाटल्यांत सरळ दिसतं. एअर फ्लो सेन्सर असेल तर त्याच्याच स्प्रेने धुवा, कापडाने पुसू नका, तार तुटते.

एक्सलेटर दिल्यावर गाडी क्षणभर विचार करते आणि मग उचलते, असं होत असेल तर ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह काढून बघा. गावात थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीत काजळी डांबरासारखी जमते. साफ करा, नवी गॅस्केट टाका. पत्रा लावून ब्लॉक करायचा सल्ला भरपूर जण देतात, मी देणार नाही, चेक लाइट लागतो, धुरातला विषारी भाग वाढतो आणि बीएस६ गाडीत तर डीपीएफपर्यंत (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) सगळी साखळी बिघडते.

इंजिनबाहेर पण पॉवर जाते हे लोक विसरतात. दहा किलोमीटर कमी ब्रेक मारत चालवा, उतरून प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर ब्रेक लायनर घासतंय. आरपीएम वाढतो पण स्पीड वाढत नाही तर क्लच घसरतोय. टायरची हवा दाराच्या स्टिकरवर दिलीय तेवढी, मागच्याला लोडप्रमाणं. आणि दीड टनाची गाडी म्हणजे ५० किलोच्या ३० गोण्या, त्यावर अजून १० टाकल्या की अर्धा टन जास्त झाला, मग इंजिनला दोष देऊन काय फायदा.

आता चिप आणि रिमॅप. पेडल बॉक्स म्हणून मिळतो तो फक्त एक्सलेटरचा सिग्नल बदलतो, थोडं दाबलं की जास्त दाबल्यासारखं, रिकामी गाडी चपळ वाटते पण घाटात एक हॉर्सपॉवरही वाढत नाही. रिमॅपने खरंच वाढते कारण डिझेल आणि बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) दोन्ही वाढवतात, पण क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्स तेच राहतात, वॉरंटी जाते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ गाडीत परस्पर बदल करता येत नाहीत. लोड ओढणाऱ्या गाडीला मी तरी करणार नाही.

शेवटी चालवण्याचं, कारण बरेच जण चौथ्यावर हजार आरपीएमला एक्सलेटर दाबून धरतात. तिथं टर्बोला पुरेसा धूरच मिळत नाही, मग तो फिरणार कसा. साधारण १५०० ते २५०० मध्ये ठेवा, चढ दिसला की गाडी गुदमरायच्या आधीच गिअर उतरवा. आणि घाट चढून टपरीवर थांबलात की लगेच चावी फिरवू नका, एक मिनिट आयडलवर राहू द्या, टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल करपत नाही.