झोपेची गोळी घेताय? मग सकाळचं डोकं असं तपासा

झोपेची गोळी घेणाऱ्याला सगळे विचारतात झोप लागली का, पण सकाळी दहा वाजता डोकं कसं चालतंय हे कोणी विचारतच नाही, आणि खरी भानगड तिथेच असते. जाग आली म्हणजे गोळी उतरली असं अजिबात नसतं.

पहिलं काम म्हणजे स्ट्रिप हातात घ्या आणि ब्रँडच्या नावाजवळ बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते वाचा. झोल्पिडेम असेल तर त्याची हाफ लाइफ साधारण अडीच तास, म्हणजे दर अडीच तासांनी रक्तातलं औषध निम्मं होतं, रात्री दहाला घेतली तर सकाळी सहापर्यंत जेमतेम दहावा हिस्सा उरतो. अल्प्राझोलामची ११ तासांच्या आसपास, म्हणजे सकाळी नऊला निम्मं औषध अजून अंगातच. आणि क्लोनाझेपाम, जे आपल्याकडे कितीतरी घरांत आई-बाबांच्या औषधांच्या डब्यात सापडतं, त्याची ३० ते ४० तास! सकाळी आठला ऐंशी टक्क्यांच्या आसपास शिल्लक असतं आणि रात्री त्यावर पुन्हा नवी गोळी पडते, त्यामुळे पहिले काही दिवस ते साठतच जातं. वय झालं की अशी औषधं शरीरातून बाहेर पडायला बऱ्याचदा अजून वेळ लागतो. म्हणून "बाबा हल्ली विसरायला लागलेत" म्हणण्याआधी त्यांचा डबा एकदा बघाच, अगदी कळकळीने सांगतेय.

हा आकडा अंदाजासाठीच आहे हं, माणसामाणसात फरक पडतो. बायकांमध्ये झोल्पिडेम सावकाश उतरतं असं दिसल्यावर २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) त्यांच्यासाठी साध्या गोळीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला लावला. २०१४ मध्ये एस्झोपिक्लोन या झोपेच्या दुसऱ्या गोळीचाही सुरुवातीचा डोस १ मिलिग्रॅम केला, कारण ३ मिलिग्रॅम घेतल्यावर ११ तासांनंतरही गाडी चालवणं आणि स्मरणशक्ती यांवर परिणाम दिसत होता आणि त्या माणसांना मात्र आपण एकदम फ्रेश आहोत असंच वाटत होतं. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात घातक वाटते.

म्हणून वाटण्यावर जाऊ नका, लिहून ठेवा. एक साधी वही घ्या, गोळी किती वाजता घेतली, किती वाजता उठलात, आणि मग रोज ठरलेल्या वेळी, समजा नऊ वाजता, एकच काम करा, शंभरातून सात-सात वजा करत जा (रोज वेगळ्या आकड्यापासून सुरू करा नाहीतर उत्तरं पाठ होतात) आणि किती वेळ लागला, कुठे चुकलात ते लिहा, तेच दुपारी चारलाही करा. सकाळी अडखळताय आणि दुपारी सुरळीत, असं रोज होत असेल तर गोळीवर संशय घ्यायला जागा आहे. घरच्यांनाही विचारा, काल रात्रीचं फोनवरचं बोलणं आठवत नाही, चालताना तोल जातो, असं त्यांच्याच आधी लक्षात येतं.

उशिरा गोळी घेऊ नका, पुढे सात-आठ तास झोपायला मिळणार असतील तरच घ्या, मध्यरात्री दोनला "अजून एक" तर नकोच. दारूसोबत कधीच नाही. सर्दीची जुनी, झापड आणणारी गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगा, दोन्हींची गुंगी एकत्र येते. सकाळी जड वाटत असेल तर स्कूटीची चावी बाजूला ठेवा, आणि जड वाटत नसलं तरी नवी गोळी किंवा वाढवलेला डोस असेल तर गाडीचं आधी डॉक्टरांना विचारा.

आणि हे वाचून गोळी आज रात्रीच बंद करू नका प्लीज! अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम रोज घेणाऱ्याने एकदम सोडलं तर झोप आणखी उडते, घाबरं होतं, फिटही येऊ शकते. वही आणि स्ट्रिप घेऊन डॉक्टरकडे जा आणि सरळ विचारा, डोस कमी करता येईल का, लवकर उतरणारी दुसरी गोळी चालेल का, आणि निद्रानाशासाठीची सीबीटी थेरपी (झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलण्याचा, गोळीशिवायचा उपचार) जवळपास कुठे मिळेल.